टीव्हीवरचा वाघ, बागेतला वाघ आणि येडशीचा वाघ

१. खंदकापाशी विचारला जाणारा प्रश्न

प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा आलेले मूल वाघ-सिंहांच्या खंदकापाशी उभे राहिले, की थोड्याच वेळात मोठ्यांना विचारते, हा झोपलेलाच का आहे? टीव्हीवर याच प्राण्याला धावताना, झेप घेताना आणि डरकाळी फोडताना त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते, त्यामुळे सावलीत पसरलेला, कान हलवून माशा उडवणारा प्राणी त्याला खोटा वाटू लागतो. प्रश्न मुलाने विचारला तरी तो सोबतच्या मोठ्यांच्याही मनात असतो, आणि त्याच्या उत्तरातून दोन परस्परविरोधी मते तयार होतात. काहींना वाटते की इथे पाहण्यासारखे काही नाही, पैसे वाया गेले. तर काहींना वाटते की कोंडून ठेवल्यामुळे या प्राण्याचा जीवच गेला आहे, अशा जागा बंद केल्या पाहिजेत. दोन्ही मते एकाच मोजपट्टीतून निघालेली असतात आणि ती मोजपट्टी मुलाने घरून, टीव्हीसमोर बसून आणलेली असते.

ही मोजपट्टी कशी फसवते हे एका साध्या हिशेबावरून कळते. सिंह दिवसाच्या २४ तासांपैकी साधारण २० तास विश्रांती घेतो, आणि हे जंगलातल्या सिंहाबाबतही खरे आहे. म्हणजे १४४० मिनिटांपैकी जेमतेम २४० मिनिटे तो हालचालीत असतो. ही मिनिटे दिवसभर सारखी विखुरलेली आहेत असे धरले, तरी केव्हाही येऊन पाच मिनिटे थांबणाऱ्या सहा कुटुंबांपैकी एकाच कुटुंबाला तो चालता-फिरता दिसेल. प्रत्यक्षात त्याची हालचाल संध्याकाळी, रात्री आणि पहाटे अधिक असते, प्राणिसंग्रहालय मात्र दिवसा उघडे असते, त्यामुळे सहातले ते एक कुटुंबही बहुधा निराशच परतते. याउलट बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ’ या २००६ मधील मालिकेचे अकरा भाग तयार व्हायला पाच वर्षे लागली होती. त्या पाच वर्षांतले वाट पाहण्याचे, रिकाम्या माळाकडे बघत बसण्याचे आणि प्राणी झोपलेले असण्याचे तास कापून टाकल्यावर जे उरले, तेच प्रेक्षकांनी पाहिले. पडद्यावर दिसते ते खोटे नसते, पण तो प्राण्याचा दिवस नसतो. दिवसातला वेचलेला अंश असतो.

धाराशिव जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांत कुठेही मोठे प्राणिसंग्रहालय नाही. सोलापूर महापालिकेचे महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय अंतराने जवळचे, पण छोटे. छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान आणि पुण्याचे कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ही दोन्ही ठिकाणे सुमारे अडीचशे किलोमीटरवर, आणि मुंबईची राणीची बाग त्याहून कितीतरी दूर. त्यामुळे शाळेची सहल किंवा पुण्यातल्या नातेवाइकांकडची सुट्टी एवढीच संधी बहुतेक मुलांना मिळते, तीही उशिरा, आणि तोवर प्राणिसंग्रहालय म्हणजे काय, तिथले प्राणी सुखी असतात की दुःखी, याविषयीचे मत पडद्याने पक्के केलेले असते. म्हणूनच असा जिल्हा बालवाहिन्यांचा परिणाम समजून घेण्यासाठी महानगरापेक्षा अधिक बोलका ठरतो.

२. मत कसे मुरते

सामाजिक मानसशास्त्रज्ञ ज्याला दृष्टिकोन म्हणतात, त्यात तीन गोष्टी एकत्र असतात: एखाद्या वस्तूबद्दलची माहिती, तिच्याबद्दलची भावना आणि तिच्या संदर्भात विशिष्ट रीतीने वागण्याचा कल. पेंग्विन बर्फात राहतो, ही झाली माहिती (ती खरी असेलच असे नाही). पेंग्विन गोड असतो, ही भावना. आणि पेंग्विन आणले तर रांग लावून पाहायला जाऊ, हा कल. टीव्ही या तिन्हींवर एकाच वेळी काम करतो, पण सारख्या जोराने नाही. लहान वयात भावना आधी बसते, माहिती तिच्या मागून येते, आणि पुढे माहिती दुरुस्त झाली तरी भावना सहसा जागची हलत नाही.

अमेरिकन संशोधक जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून जो विचार मांडला, त्याला मराठीत मशागतीचा सिद्धांत म्हणता येईल. एखादा कार्यक्रम पाहून माणूस एका दिवसात बदलतो का, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. वर्षानुवर्षे तीच तऱ्हेची चित्रे पाहत राहिल्याने जगाबद्दलची गृहीतके कशी घडतात, हे त्यांना शोधायचे होते, आणि जे लोक टीव्ही जास्त पाहतात त्यांना जग प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा अधिक हिंसक वाटते, असे त्यांच्या गटाला आढळले. अवर्षणाशी झुंजणाऱ्या या जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही प्रक्रिया ठिबक सिंचनावरून सहज समजेल: एका थेंबाने काही भिजत नाही, वरची माती कोरडीच दिसते, पण मुळाशी ओल साठत जाते आणि झाड कोणत्या पाण्यावर वाढले हे नंतर सांगता येत नाही.

टीव्हीच्या आधी ही ओल दुसरीकडून येत होती. पंचतंत्रातला सिंह, भोपळ्यात बसून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीला अडवणारे वाघ-कोल्हे, तुळजाभवानीचे वाहन असलेला सिंह, अस्वल घेऊन गावोगाव फिरणारे दरवेशी, आणि विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केल्यापासून तंबूत दिसू लागलेले वाघ-सिंह, अशी ती परंपरा होती. पुण्यात १९५३ मध्ये पेशवे पार्क सुरू झाले, तेव्हा तिथल्या पिंजऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मनात प्राण्याची गोष्ट होती, पण त्याची हलती प्रतिमा नव्हती. पिंजऱ्यातला प्राणी हीच त्याने पाहिलेली पहिली प्रतिमा असे, आणि म्हणून त्या प्राण्याला हरायला समोर कोणी स्पर्धक नव्हता.

पुढे हा क्रम उलटला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे देशातील २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण उमरग्याच्या सीमेला लागून असलेला कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा होता, आणि त्यातील सकाळचे प्रसारण खास शाळकरी मुलांसाठी होते. १९८० च्या दशकात कमी क्षमतेची प्रक्षेपण केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली, १९९० च्या दशकात केबल आली, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आणि डिस्कव्हरी या दोन्ही वाहिन्या भारतात सुरू झाल्या. मोबाइलने तर पडदा मुलाच्या हातातच दिला. प्रतिमा आधी आणि प्राणी नंतर, हा क्रम आता कायमचा झाला आहे.

३. प्राण्याला माणसाचा आवाज मिळाल्यावर

मुलांच्या कार्यक्रमांतील सर्वांत प्रभावी युक्ती म्हणजे मानवीकरण, म्हणजेच प्राण्याला माणसाचे बोलणे, हेतू, नीती आणि नाती देणे. महाराष्ट्रातल्या एका संपूर्ण पिढीवर या युक्तीचा जो ठसा उमटला, तो दूरदर्शनवर १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी लागणाऱ्या ‘जंगल बुक’चा. मूळ मालिका जपानी, १९८९-९० मध्ये तिकडे प्रसारित झालेली. तिचे हिंदी रूप दूरदर्शनने दाखवले, शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानला आवाज दिला तो मराठी रंगभूमीवरून आलेल्या नाना पाटेकरांनी. मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगने १८९४ मध्ये लिहिलेली, मध्य प्रदेशातील सिवनीच्या रानात घडणारी ही गोष्ट इंग्लंड आणि जपान असा प्रवास करून परत आली आणि इथल्या मुलांना इथलेच जंगल ओळखीचे करून देऊ लागली.

या मालिकेत प्राणिसंग्रहालयाला स्थान नव्हते, पण त्याविषयीचा दृष्टिकोन तिने घडवलाच. जंगलाला स्वतःचा कायदा असतो, कळपाची सभा भरते, वडीलधारे शिकवतात, शब्द पाळला जातो, असे जग एकदा मनात बसले, की पिंजरा आपोआप त्या जगाचा शत्रू ठरतो. किपलिंगच्या मूळ पुस्तकात तर काळा बिबट्या बघीरा उदयपूरच्या राजवाड्यातील पिंजऱ्यात जन्मलेला आहे, आणि कुलूप तोडून तो रानात आला, अशी त्याची पूर्वकथा आहे. बंदिवासातला प्राणी ही आपल्या जागेवरून उखडलेली व्यक्ती आहे, ही आज सर्वसामान्य झालेली भावना अशा कथांनी दिलेली आहे, आणि ती मौल्यवान आहे हे मान्य केले पाहिजे. साखळीला बांधलेल्या अस्वलाकडे पाहून टाळ्या वाजवणाऱ्या समाजात, केंद्र सरकारने १९९८ मध्ये अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर अधिसूचना काढून बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ती उचलून धरली, तेव्हा सामान्य घरांतून तिच्याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही. त्याचे श्रेय केवळ टीव्हीला देणे चुकीचे होईल, पण प्राण्याला काहीतरी वाटते हे मानणारी मुले तोवर मोठी होत होती, हेही विसरता येत नाही.

मानवीकरणाची किंमत दुसरीकडे द्यावी लागते. शेरखान दुष्ट आहे, असे म्हणताना वाघाने हरिण किंवा गाय मारणे हा गुन्हा ठरतो. लांडग्यांचा प्रमुख अकेला आदर्श नायक आहे, असे म्हणताना लांडगा काय खातो हे गाळावे लागते. धाराशिव-सोलापूरच्या माळरानावर फिरणारा लांडगा आणि सिवनीच्या रानातला अकेला एकाच जातीचे आणि उपजातीचे आहेत, पण धनगराच्या वाड्यावर त्याच्याबद्दल जे बोलले जाते आणि रविवारी सकाळी त्याच्याबद्दल जे दाखवले जाते, त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. मूल दोन्ही ऐकते, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवते, आणि मेंढ्या नेणारा तो हाच, हे त्याला कोणी जोडून दाखवत नाही. मानवीकरणाचे हे खरे नुकसान आहे: ते प्रेम शिकवते, पण ज्याच्यावर प्रेम करायचे तो प्राणी बदलून टाकते.

ब्रिटनमध्ये ‘ॲनिमल मॅजिक’ हा मुलांचा कार्यक्रम १९६२ पासून १९८३ पर्यंत चालला. त्यात जॉनी मॉरिस ब्रिस्टल प्राणिसंग्रहालयाचा रक्षक बनून प्राण्यांच्या वतीने स्वतःच बोलत असत. तो प्रचंड लोकप्रिय होता, पण प्राण्यांच्या तोंडी माणसाचे बोलणे घालणे योग्य नाही, हा विचार त्याच्या अखेरच्या काळात बळावला होता. अमेरिकेत याच प्रश्नाला आकड्यांचा आधार मिळाला. २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्याच्या लेखकांत जेन गुडॉलही होत्या, प्राणिसंग्रहालयात आलेल्या लोकांना महाकाय वानरांपैकी कोण नामशेष होण्याच्या धोक्यात आहे, असे विचारण्यात आले. गोरिला धोक्यात असल्याचे ९५ टक्के लोकांनी सांगितले, ओरांगउटानबाबत ९१ टक्क्यांनी, आणि चिंपांझीबाबत मात्र ६६ टक्क्यांनीच. चिंपांझीही धोक्यातच आहे, मग लोकांना तसे का वाटले नाही, याचे सर्वाधिक वेळा मिळालेले कारण असे होते की तो टीव्हीवर, चित्रपटांत आणि जाहिरातींत इतका दिसतो, की त्याला कसली कमतरता असेल असे वाटतच नाही. कपडे घातलेल्या, दात विचकून हसणाऱ्या चिंपांझीने आपल्याच जातीचे संकट लोकांच्या नजरेआड केले. माणसाच्या घरात, माणसाच्या कपड्यांत दिसलेल्या प्राण्याला रानाची गरज आहे, हेच प्रेक्षक विसरतो.

४. खजिना, शाळा, तुरुंग, दवाखाना

आता प्रत्यक्ष प्राणिसंग्रहालय पडद्यावर कसे येते, ते पाहता येईल. इथे आणखी एक संकल्पना लागते, ती चौकटीची. एकच वस्तू कोणत्या चौकटीत बसवून दाखवली आहे, त्यावर तिच्यातले काय दिसेल आणि काय झाकले जाईल, हे ठरते.

टीव्हीच्या आरंभकाळात प्राणिसंग्रहालय हा खजिना होता. बीबीसीच्या ‘झू क्वेस्ट’मध्ये, जिचे प्रसारण डिसेंबर १९५४ मध्ये सुरू झाले, तरुण डेव्हिड ॲटनबरो दूरदेशी जाऊन लंडनच्या प्राणिसंग्रहालयासाठी प्राणी पकडून आणत असत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १९५६ मध्ये डेझमंड मॉरिस यांचा ‘झू टाइम’ हा मुलांचा कार्यक्रम त्याच प्राणिसंग्रहालयातून सुरू झाला आणि चौकट शाळेची झाली. पुढच्या अर्धशतकात दोन्ही चौकटी मागे पडून तुरुंगाची चौकट पुढे आली. २००५ च्या ‘मादागास्कर’ चित्रपटातून निघालेली, २००८-०९ मध्ये सुरू झालेली ‘द पेंग्विन्स ऑफ मादागास्कर’ ही मालिका न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयात घडते. चार पेंग्विन माणसांपुढे गोंडस चेहरे करतात आणि माणसांची पाठ वळली की लष्करी तुकडीसारखे बेत रचतात. मुलाला यातून मिळणारी माहिती विनोदी असते, पण प्राणी इथे मनाविरुद्ध आहे, मनात सतत पळून जाण्याचा विचार आहे आणि रक्षकाला काही कळत नाही, हे तिच्यासोबत मुरते. चौथी चौकट दवाखान्याची. १९९६ पासून प्रसारित झालेल्या ‘द क्रोकोडाइल हंटर’मधील स्टीव्ह अर्विन हे स्वतः ऑस्ट्रेलियात प्राणिसंग्रहालय चालवत, आणि केबलवर त्यांना पाहत वाढलेल्या भारतीय मुलांना जखमी मगरीला वाचवणारा माणूस आणि तिला ठेवून घेणारे प्राणिसंग्रहालय एकाच बाजूला उभे दिसत.

महाराष्ट्रात या सगळ्या चौकटी एकमेकींवर आदळल्याचे ठळक उदाहरण म्हणजे राणीच्या बागेतील, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील, हम्बोल्ट पेंग्विन. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन आणले गेले, त्यांपैकी एक ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडले. उष्ण मुंबईत हा पक्षी आणावा का, यावर कडाक्याचा वाद झाला आणि त्याच वेळी दालनापुढे रांगाही लागल्या. रांगेतल्या मुलांनी पेंग्विन आधीच पडद्यावर पाहिलेला होता आणि वाद घालणाऱ्या मोठ्यांच्या मनातही बर्फावर घसरणारा पेंग्विनच होता. प्रत्यक्षात हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर, वाळवंटाला लागून असलेल्या कोरड्या, थंड समुद्राच्या प्रदेशात राहतो आणि बर्फ त्याच्या घरी नसतोच. या पक्ष्याला काय लागते, या खऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दोन्ही बाजूंना पडद्यावरचा बर्फ वितळवावा लागला असता, आणि तसे फारसे झाले नाही. पेंग्विन आणण्याचा निर्णय शहाणपणाचा होता की नव्हता, हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण तो ज्या पद्धतीने चर्चिला गेला, ती पद्धत पडद्याने घडवलेली होती.

या चारही चौकटींतून एक गोष्ट कायम निसटते, ती म्हणजे नियम आणि रोजचे काम. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा; त्यात १९९१ मध्ये प्राणिसंग्रहालयांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले, आणि तेव्हापासून या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. पिंजऱ्याऐवजी खंदकाने वेढलेले मोकळे आवार, प्राण्यामागे किती जागा हवी, पशुवैद्यक हवा की नको, हे सारे त्यातून ठरू लागले. पेशवे पार्कातले प्राणी कात्रजच्या सुमारे १३० एकरांच्या जागेत जाणे, किंवा संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील जागा अपुरी पडल्याने मिटमिटा येथे मोठ्या जागेवर नव्या प्राणिसंग्रहालयाचे काम हाती घेतले जाणे, हे याच बदलाचे भाग आहेत. सिद्धार्थ उद्यान वाघांच्या प्रजननासाठी ओळखले जाते, आणि राणीच्या बागेत २०२० मध्ये आलेली शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी तिथूनच गेलेली, म्हणजे मराठवाड्यात जन्मलेली होती. कार्टूनमधला रक्षक मात्र अजूनही चाव्यांचा जुडगा हलवणारा, झोपाळू किंवा दुष्ट माणूस असतो. प्राणी सतत एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो तेव्हा ते ताणाचे लक्षण असू शकते, आणि तो कमी करण्यासाठी रक्षक अन्न लपवून ठेवतात, उन्हाळ्यात गोठवलेली फळे देतात, आवारात ओंडके आणि पाणवठे बदलतात, ही माहिती मुलांच्या मनोरंजनात जवळपास कुठेच येत नाही. त्यामुळे चांगले प्राणिसंग्रहालय आणि वाईट प्राणिसंग्रहालय यांत फरक करता येईल, अशी नजरच प्रेक्षकाकडे तयार होत नाही, आणि मत सगळ्यांच्या बाजूने किंवा सगळ्यांच्या विरोधात जाते.

पडद्याला हवे ते परिणाम चिकटवण्याचा मोहही टाळला पाहिजे. ‘फाइंडिंग डोरी’ हा २०१६ चा चित्रपट आल्यावर मुले त्या निळ्या माशासाठी हट्ट धरतील आणि समुद्रातून त्याची लूट होईल, अशी भीती सर्वत्र व्यक्त झाली होती. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की इंटरनेटवर त्या माशाविषयीचा शोध काही काळ वाढला, पण आयात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. भावना आणि कल यांच्यामध्ये पैसा, अंतर, सवय आणि घरच्यांचा नकार अशा अनेक गोष्टी उभ्या असतात.

५. जे पडद्यावर नाहीत

केंब्रिजच्या संशोधकांनी २००२ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुलांना दोन तऱ्हेची चित्रे दाखवली: परिसरातील खरे प्राणी-वनस्पती आणि पोकेमॉन या मालिकेतील काल्पनिक जीव. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनपैकी सुमारे ७८ टक्के ओळखता आले, आणि आपल्या देशातील खऱ्या सजीवांपैकी सुमारे ५३ टक्केच. यातून मुलांची स्मरणशक्ती उत्तम आहे हेच सिद्ध होते. ती कशावर खर्च होते, हे मोठ्यांनी ठरवलेले असते.

धाराशिवच्या मुलाला जिराफ, झेब्रा, पांडा आणि कांगारू ओळखता येतात. बालाघाटच्या डोंगरउतारांवर आणि त्यांच्या पायथ्याच्या माळांवर मात्र लांडगा, खोकड, कोल्हा, तरस, काळवीट, साळिंदर आणि घोरपड आहेत, आणि यांतल्या बहुतेकांना मुलांच्या कार्यक्रमांत जागा नाही. तरसाला मिळाली तर ती सिंहाच्या मागे फिरणाऱ्या, खिदळणाऱ्या खलनायकाची, आणि तीही आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाची. इथला पट्टेरी तरस मेलेली जनावरे खाऊन माळ स्वच्छ करतो, हे कोणत्याही कार्टूनने सांगितलेले नाही.

या गाळण्याचा परिणाम प्राणिसंग्रहालयातही दिसतो, कारण लोक जे पाहायला येतात तेच ठेवण्याचा दबाव चालकांवर असतो. सर्वांत दुःखद उदाहरण माळढोकाचे. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, पण पुढच्या दशकांत हा भव्य पक्षी या भागातून दिसेनासा झाला. आज त्याला वाचवण्याचा मोठा प्रयत्न राजस्थानात, जैसलमेरजवळच्या सम येथील प्रजनन केंद्रात २०१९ पासून चालू आहे, जिथे रानातून आणलेली अंडी उबवली जातात आणि पिल्ले माणसाच्या देखरेखीत वाढवली जातात. बंदिवासात प्राणी ठेवण्याचे याहून सबळ कारण सांगता येणार नाही. पण तुरुंगाची चौकट घेऊन मोठा झालेला प्रेक्षक त्या केंद्राकडेही संशयाने पाहू शकतो, आणि खजिन्याची चौकट असलेला प्रेक्षक, तिथे तिकीट काढून जाता येत नाही म्हणून त्याला निरुपयोगी समजू शकतो.

६. येडशीत वाघ आला तेव्हा

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. हे अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झालेले आणि जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचे, रामलिंगाच्या मंदिरापाशी माकडे पाहायला येणाऱ्या लोकांना परिचयाचे, पण वाघाचे म्हणून कोणाच्याच कल्पनेत नसलेले. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते, तिच्यावरून हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून चारशे-पाचशे किलोमीटर चालून आला असल्याचे कळले. टिपेश्वरचे वाघ लांबवर चालतात हे आधी माहीत होते. २०१९ मध्ये तिथूनच निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक वाघ ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन पोहोचला आणि एकूण सुमारे ३००० किलोमीटर फिरला होता. तरुण नर आपले क्षेत्र शोधत निघतो, त्यात त्याची चूक नसते आणि साहसही नसते. येडशीच्या वाघाने परिसरातील जनावरे मारली, लोकांत भीती पसरली, आणि त्याला बेशुद्ध करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याची परवानगी घेऊन वनविभागाने पथके आणली, पण तो त्यांच्या हाती सहजासहजी लागला नाही.

असा वाघ आला की सामान्य माणूस जे विचारतो ते असे: त्याला पकडून सरळ प्राणिसंग्रहालयात का ठेवत नाहीत? हा प्रश्न अज्ञानाचा नाही. मुलांच्या कथेत रानातला वाघ, सर्कशीतला वाघ आणि बागेतला वाघ हे एकाच पात्राचे तीन पत्ते असतात, आणि गोष्टीच्या ओघात तो एकीकडून दुसरीकडे सहज जातो. ‘मादागास्कर’मध्ये जन्मभर बागेत वाढलेले प्राणी रानात जाऊन जमवून घेतात, इतर कित्येक कथांत रानातून आलेले पिल्लू बागेत सुखी होते. प्रत्यक्षात हे दोन्ही रस्ते जवळपास बंद आहेत. रानात वाढलेला प्रौढ वाघ बंदिस्त आवारात येरझाऱ्या घालून, गजांवर दात आपटून स्वतःला इजा करून घेतो, तर बागेत जन्मलेल्या वाघाला शिकार शिकवणारी आई आणि माणसाची भीती हे दोन्ही मिळालेले नसल्याने त्याला रानात सोडणे त्याच्या आणि गावकऱ्यांच्या जिवावर बेतते. म्हणून नियम असा, की निरोगी वाघाला दुसऱ्या योग्य रानात हलवावे, आणि माणसांवर हल्ले करणारा, जखमी किंवा अनाथ प्राणीच कायमचा ठेवून घ्यावा. नागपूरच्या गोरेवाड्यातील बचाव केंद्रात विदर्भातून पकडलेले वाघ-बिबटे आहेत, जुन्नरजवळ माणिकडोह येथे उसाच्या पट्ट्यात पकडलेले बिबटे आहेत. ही प्राणिसंग्रहालये नाहीत, आणि तिथला प्राणी दाखवण्यासाठी ठेवलेला नसतो.

वृत्तवाहिन्यांनी येडशीचा वाघ पुन्हापुन्हा दाखवला तेव्हा त्याच्या धूसर छायाचित्राच्या मागे शेरखानचीच सावली होती: दहशत, धुमाकूळ, शोध. पण त्याच काळात त्याने तिथेच राहावे, अभयारण्याचे नाव व्हावे, असे मानणारेही जिल्ह्यात होते, आणि त्यांच्या मनातला वाघसुद्धा पडद्यावरूनच आलेला असणार, कारण या जिल्ह्यातील जिवंत माणसांनी रानात वाघ पाहिलेला नव्हता. एकाच जुन्या मशागतीतून भीती आणि अभिमान अशी दोन पिके आली. गुराख्याला नुकसानभरपाई किती दिवसांत मिळते, बावीस चौरस किलोमीटरमध्ये वाघाला पुरेल इतके भक्ष्य आहे का, बार्शी-धाराशिव परिसरातील ओढे-नाले आणि उसाचे फड त्याला आडोसा देतात का, या प्रश्नांना दोन्हींपैकी कोणत्याच चित्रात जागा नव्हती, आणि वाघ राहील की जाईल हे मात्र त्यांवरच ठरणार होते.

७. सहलीच्या आधीचा एक तास

टीव्ही बंद करणे हा या सगळ्यावरचा उपाय नाही, कारण प्राण्याविषयी आस्था वाटण्याची पहिली संधी बहुतेक मुलांना तोच देतो. उपयोगी पडते ती सहलीच्या आधीची तयारी. कात्रजला किंवा पुढे मिटमिट्याला निघालेल्या वर्गाला शिक्षकांनी आदल्या दिवशी एवढे सांगितले, की वाघ झोपलेला असण्याची शक्यताच जास्त आहे, तर मूल निराश न होता झोपलेल्या वाघाकडे पाहू लागते. मग त्याला काही ठरावीक गोष्टी शोधायला सांगता येतात: आवारात सावली आणि पाणी आहे का, लोकांच्या नजरेआड जाण्याची जागा आहे का, प्राणी एकाच वाटेने पुन्हापुन्हा फिरतो आहे का, तो कुठे जन्मला आणि त्याचे वय काय हे फलकावर लिहिले आहे का, आणि कुणी दगड मारत असेल, ओरडत असेल किंवा खायला टाकत असेल तर तो कायद्याने गुन्हा आहे हे तिथे कोणी सांगते आहे का. या पाच प्रश्नांची उत्तरे घेऊन आलेले मूल त्या प्राणिसंग्रहालयाविषयी जे मत देईल, ते त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी बनलेले असेल.

मराठवाड्यातल्या प्राणिसंग्रहालयांकडून मागता येण्यासारखी गोष्टही साधी आहे. पांढऱ्या वाघाच्या शेजारी इथल्या माळावरच्या लांडग्याला, खोकडाला आणि पट्टेरी तरसाला मोठे, चांगले आवार मिळावे, फलक मराठीत असावा, आणि त्यावर तो भूम-परंड्याच्या रानात काय खातो, मेंढ्यांवर केव्हा येतो, धनगर त्याला कसे टाळतात, हे लिहिलेले असावे. मराठी बालकार्यक्रम तयार करणाऱ्यांना याच प्राण्यांत कथेसाठी भरपूर ऐवज सापडेल; एका रात्रीत मैलोन्‌मैल जाणारा, पिल्लांसाठी पोटात साठवून आणलेले अन्न बिळापाशी ओकून भरवणारा लांडगा माणसाचा आवाज न देताही मुलांना खिळवून ठेवू शकतो.